काबूलच्या फाटकावरचे दोन दिवस

नोव्हाय, मिशिगन
३ ऑगस्ट २०२५

दीक्षा, जय भीम.

चार वर्षांनी लिहितोय. पत्र अतुलच्या पत्त्यावर, चँडलरला पाठवतोय, कारण तू सध्या भावाकडे आहेस एवढंच मला माहीत आहे. तुझ्या परराष्ट्र खात्याने जुलैत एका दिवसात शेकडो लोकांना घरी पाठवलं आणि त्यात तूही होतीस, हे अतुलनेच सांगितलं. त्याच्यावर रागावू नकोस. मीच खोदून खोदून विचारलं.

ईमेल करता आला असता. पण इंग्रजीत लिहायला बसलो की माझ्या हातून पत्र होत नाही, ब्रेक टेस्टचा रिपोर्ट होतो. तीस वर्षं तेच लिहिलं. आणि मराठी तुला वाचता येतं. सात वर्षांची होऊन इथे आलीस तेव्हा नागपूरहून दुसरीचं पुस्तक बरोबर आणलं होतंस. तुझ्या आईने ते तुला विसरू दिलं नाही.

आधी कामाचं सांगतो. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी बेल वाजली. बाहेर चाळिशीच्या आतबाहेरचा माणूस, बारीक कापलेली दाढी. गाडीत डोक्यावर ओढणी घेतलेली बाई आणि एक लहान मुलगी. खरं सांगतो, मी जाळीचं दार उघडलं नाही. आतूनच विचारलं, कोण पाहिजे. त्याने तुझं नाव घेतलं, आणि ते इतकं नीट घेतलं की इथले शेजारी वीस वर्षांत तसं घेऊ शकलेले नाहीत. ‘मिस दीक्षा गजभिये यांचं हेच घर का?’ मग म्हणाला की त्याला तुझ्याकडून एक मदत हवी आहे, पण मदत नाही झाली तरी तुला सलाम सांगायचा आहे.

त्याचं नाव मीरवैस. गझनीत सहा वर्षं अमेरिकन फौजेचा दुभाष्या होता. ऑगस्ट २०२१ मध्ये, तालिबान शहरात शिरल्यावर, काबूलच्या विमानतळावर तू त्याला, त्याच्या बायकोला शकीबाला आणि दोन वर्षांच्या यलदाला फाटकातून आत घेतलंस. तुझ्या छातीवरच्या पट्टीवरचं नाव-आडनाव त्याने लक्षात ठेवलं होतं. आता तो इथून पंचवीस मैलांवर डिअरबॉर्नला राहतो, गाड्यांच्या सीटा शिवणाऱ्या कारखान्यात काम करतो. आपल्या विहाराच्या वेबसाइटवर सेक्रेटरी म्हणून माझं आडनाव दिसलं आणि तो शोधत आला.

त्याने विचारलं, मुलीशी रोज बोलणं होत असेल ना. मी मान हलवली. तुझा फोन नंबर मागितला तर म्हणालो, ती परदेशात आहे, फार बिझी असते, मी निरोप देतो. एका पाहुण्याला दारात उभं करून मी दोन वेळा खोटं बोललो.

त्याची अडचण अशी. चार वर्षं झाली, तो इथे तात्पुरत्या परवान्यावर आहे. आश्रयाचा अर्ज केला, पण अधिकाऱ्याला त्याच्या सांगण्यात मेळ लागला नाही, म्हणून प्रकरण डेट्रॉइटच्या कोर्टात गेलंय. २३ सप्टेंबरला सुनावणी आहे. त्याने फौजेत काम केलं याचं पत्र एका कॅप्टनने दिलं होतं. ते पत्र विमानतळाबाहेरच्या नाल्यात भिजून गेलं. दुभाष्ये पुरवणारी कंपनी बंद पडली. कॅप्टन गेल्या वर्षी ओहायोत वारला. ते पत्र स्वतःच्या डोळ्यांनी वाचलेलं माणूस आता एकच उरलंय, आणि ते तू आहेस.

आपल्या प्रतिमाकाकूंची रुही इमिग्रेशनची वकील आहे. तिच्याकडे मी त्याला घेऊन गेलो आणि तिने केस घेतली. तिचा नंबर खाली लिहितो. माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस. तिच्याशी बोल.

बाबा

नोव्हाय
१७ ऑगस्ट २०२५

दीक्षा,

उत्तर नाही आलं. मी धरूनही चाललो नव्हतो. तरी लिहितोय, कारण गेले दोन महिने मी तुझ्याबद्दल जे ऐकतोय ते मला आणखी कोणाला सांगता येत नाही.

मीरवैसकडे गाडी एकच आहे आणि त्याची शिफ्ट आड येते, म्हणून रुहीच्या ऑफिसला त्याला मीच ड्राइव्ह करून नेतो. तो मला काकाजान म्हणतो. त्यांच्या भाषेतही काकाला काकाच म्हणतात, हे मला ह्या वयात कळलं. गाडीत तो थोडं इंग्रजी आणि थोडं हिंदी बोलतो. शकीबा मागे बसून मधे मधे त्याचं चुकलेलं दुरुस्त करते.

ती सांगते, फाटकाबाहेर घाण पाण्याचा नाला होता आणि लोक त्यात मांड्यांपर्यंत उभे होते. भिंतीवर सैनिक. ऊन असं की मुलं मान टाकत होती. त्या सगळ्यांत तू हेल्मेट घालून भिंतीच्या कडेवर गुडघे टेकून कागद वाचत होतीस. एकेक कागद, दोन्ही बाजूंनी. कोणी ओढणीत गुंडाळलेलं प्रमाणपत्र दिलं, कोणी नुसता फोनवरचा फोटो. शकीबा म्हणते, बाकी सगळे हातवारे करून सांगत होते, तू त्यांच्या दरी भाषेत बोलत होतीस. ‘नाही’ सांगायचं असलं तरी त्या माणसाच्या डोळ्यांत बघून त्याच्या भाषेत सांगायचीस. तुझा आवाज दुसऱ्या दिवशी पूर्ण बसला होता.

मीरवैसचं पत्र वाचून तू नाव हातावर लिहून घेतलंस. पत्रावर कॅप्टनचा नंबर होता. तू त्याला ओहायोत फोन लावलास. मग एका सैनिकाला बरोबर घेऊन नाल्याच्या कडेकडेने बसलेल्या आवाजात त्याचं नाव घेत फिरलीस. तुला तो सापडला, तेव्हा तू म्हणालीस, दहा मिनिटं आहेत, जे सोबत आहेत त्यांना घे आणि चल.

त्याची धाकटी बहीण फ्रिश्ता तेव्हा सोबत नव्हती. एकोणीस वर्षांची होती. उन्हाने तिला ताप भरला म्हणून आदल्या रात्री तिला मामाकडे पोचवलं होतं. ती मागे राहिली. नंतर सरहद्द ओलांडून इस्लामाबादला गेली आणि तीन वर्षं तिथे एका खोलीत थांबली. गेल्या डिसेंबरात तिची केस मंजूर झाली, फेब्रुवारीचं विमान ठरलं, आणि जानेवारीत सगळी विमानं कॅन्सल झाली. आता तर दारच बंद. तिकडचे पोलीस घरोघर फिरून अफगाणांना परत धाडतायत.

ह्या देशाचं धोरण मला कधी नीट उमगलं नाही. एक सरकार माणसांना शब्द देतं, दुसरं म्हणतं तो शब्द आमचा नव्हे. वीस वर्षं दुसऱ्याच्या घरात राहायचं आणि निघायचं दोन आठवड्यांत. हे मी तुला तेव्हाही सुनवायचो, आठवतं? पण माझा हिशेब तिथेच थांबायचा. त्या दोन आठवड्यांत भिंतीवर गुडघे टेकून कोणीतरी तो शब्द एकेका माणसापुरता पाळत होतं, हे मी धरलंच नव्हतं.

२००१ साली इथल्या पेट्रोल पंपावर एकाने मला मुसलमान समजून शिव्या घातल्या. मी दुसऱ्याच दिवशी गाडीला अमेरिकेचा झेंडा चिकटवला आणि ‘आय ॲम नॉट मुस्लिम’ हे वाक्य तोंडपाठ करून ठेवलं. तू सोळा वर्षांची होतीस. तू मला विचारलंस, बाबा, तुम्ही मुसलमान असता तर त्याचं बरोबर ठरलं असतं का. ज्याला जन्मावरून माणूस तोलण्याची चीड आहे असं मी स्वतःला समजत होतो, त्याला त्याच्या मुलीने त्या दिवशी पकडलं होतं. पुढे इंजिनिअरिंग सोडून ही नोकरी धरलीस तेव्हा म्हणाली होतीस, ‘त्यांना आपण माहीत नाही, आपल्याला ते माहीत नाहीत, मला मधे उभं राहायचंय.’ मला ते बालिश वाटलं होतं. आता वाटत नाही.

बाबा

नोव्हाय
२४ ऑगस्ट २०२५

दीक्षा,

आज तुझ्या आईला जाऊन चार वर्षं झाली. सकाळी विहारात जाऊन मेणबत्ती लावली, वंदना घेतली. घरी येऊन तीन तास ह्या कागदासमोर बसलोय.

तुझ्या आईच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, पन्नास लोकांसमोर, मी तुला म्हणालो होतो, ‘परक्यांची लेकरं उचलायला तुझे हात मोकळे होते, आईला खांदा द्यायला नव्हते.’ तू संध्याकाळच्या विमानाने गेलीस. ते शब्द कठोर होते हे तुलाही माहीत आहे, मलाही. पण तुला माहीत नसलेली गोष्ट वेगळी आहे.

१८ ऑगस्ट २०२१. हॉस्पिटलच्या खोलीत टीव्ही सुरू होता. तू दोह्याहून डेट्रॉइटचं तिकीट रद्द करून काबूलला गेली होतीस. तुझ्या आईने नर्सला सांगून पलंगाची डोक्याकडची बाजू उचलून घेतली. विमानतळ दिसला की ती गर्दीत तुला शोधायची. नर्सने विचारलं तर आपल्या इंग्रजीत म्हणाली, ‘माय डॉटर इज देअर. शी इज ओपनिंग द गेट.’ दीक्षा, तिचा चेहरा तेव्हा कसा होता ते मी तुला सांगायला हवं होतं. तू युनिव्हर्सिटीत पहिली आलीस तेव्हाही ती एवढी फुलली नव्हती.

मग मला म्हणाली, ‘तिला फोन लावा. म्हणावं, माझ्यासाठी निघू नको. मी काय, आज ना उद्या जाणारच. ती लेकरं उद्यापर्यंत थांबायची नाहीत.’

मी म्हणालो, लावतो. फोन घेऊन बाहेर कॉरिडॉरमध्ये आलो आणि उभा राहिलो. सत्तर दिवस मी तिच्या उशाशी बसलो होतो. औषधं मी देत होतो, पाय मी चेपत होतो, आणि तिचा शेवटचा आशीर्वाद सात हजार मैलांवर चालला होता. मला तुझा राग होता. त्याहून जास्त हेवा होता. हा शब्द मी आज पहिल्यांदा लिहितोय.

मी फोन केला नाही. तुला मेसेज केला: ‘आई तुझी वाट बघतेय. तुला काम मोठं की आई?’

आत येऊन तिला म्हणालो, सांगितलं. ती म्हणाली, बरं झालं. त्या दुपारी ती खूप दिवसांनी शांत झोपली. त्यानंतर ती नीट शुद्धीवर आलीच नाही.

ती तुझी वाट बघत नव्हती. तिला तू जिथे होतीस तिथेच हवी होतीस. चार वर्षं तू माझा खोटेपणा आईचा शब्द म्हणून वाहिलास.

माफी मागतोय असं लिहिलं होतं, ते खोडलं. ते तुझ्या तोंडावर म्हणायला हवं.

शंकर गजभिये
(आज बाबा म्हणून सही करायला हात होत नाही.)

नोव्हाय
१४ सप्टेंबर २०२५

दीक्षा,

तू रुहीला फोन केलास, साक्षीला येतेस असं सांगितलंस आणि नोकरी गेली तरी लागते ती खात्याची परवानगीही मिळवलीस, हे तिने कळवलं. माझ्या पत्राबद्दल तू तिच्याजवळ काही बोलली नाहीस आणि मी विचारलं नाही.

हे पत्र त्यासाठी नाही. सुनावणीआधी तुला एक गोष्ट कळायला हवी. रुही तुला तिच्या पद्धतीने सांगेलच, पण ती मीरवैसने मला सांगितली आहे, तेव्हा मीही सांगतो.

रुहीने फ्रिश्ताची फाइल मागवली. तिच्या जबाबात लिहिलंय की आम्ही चौघं २१ ऑगस्टला फाटकावर गेलो आणि तिथल्या बाई अधिकाऱ्याने आम्हाला परत पाठवलं. मीरवैसच्या जबाबात २१ तारीखच नाही. तो म्हणतो आम्ही २२ला गेलो आणि २२लाच आत आलो. सरकारी वकिलाच्या हातात हे आयतं कोलीत आहे. बहीण खरी तर भाऊ खोटा. एका ठिकाणी खोटा तर सगळीकडे खोटा.

रुहीने त्याला खूप विचारलं. तो २२ला चिकटून बसला. परतीच्या वाटेवर ग्रँड रिव्हर ॲव्हेन्यूच्या सिग्नलला मी त्याला सरळ म्हणालो, तुझ्या लेकीचं आयुष्य ह्या तारखेवर आहे, काय लपवतोस. तो म्हणाला, ‘काकाजान, पहिल्या दिवशी तिने मला नाही म्हटलं होतं. फ्रिश्ता माझ्या हाताला धरून उभी होती. हे मी सरकारी कागदावर लिहिलं असतं तर तिची नोकरी गेली असती. जिने मला बाहेर काढलं तिच्यावर मी बोट कसं ठेवू?’

मी त्याला सांगितलं की तुझी नोकरी तशीही गेली आहे. तो म्हणाला, मग अब्रू तरी राहू दे.

दीक्षा, त्या दिवशीचा नियम काय होता ते त्यानेच मला समजावलं. ज्यांच्या हातात व्हिसा आहे त्यांनाच आत घ्यायचं. त्याचा नुसता अर्ज होता. तू नियमाने वागलीस. पण नियमाने वागलीस म्हणून ती मुलगी आज इस्लामाबादला आहे, हेही खरं, आणि तो माणूस ह्या घरात दहा वेळा जेवला तरी त्याने एकदाही ते तोंडातून काढलं नाही. मी त्याच्या जागी असतो तर पहिल्याच दिवशी दारात उभं राहून सुनावलं असतं. पुण्यानुमोदनाच्या दिवशी मी तसाच वागलो, ते तुला ठाऊक आहे.

तू कोर्टात काय सांगावंस हे मी सांगणार नाही. तू गप्प राहिलीस तर ती बाई अधिकारी तूच होतीस हे कोर्टात कोणाला कळणार नाही. रुही म्हणते, बोललीस तर तुझ्या नावाने ते कायमचं नोंदलं जाईल. एवढं तुला आधी ठाऊक असावं, म्हणून लिहिलं. ह्या वेळी निरोप जसा आहे तसा पोचवतोय.

बाबा

नोव्हाय
२८ सप्टेंबर २०२५

दीक्षा,

तू मंगळवारी आलीस आणि बुधवारी गेलीस. आपण बोललो थोडं, आणि मी रडलो जास्त, म्हणून पुन्हा कागदाकडे आलो. मीरवैसने होकार दिला म्हणून मला आत बसता आलं. मी मागच्या बाकावर होतो. तुला माझ्याकडे पाठ करून बसावं लागलं. मला काय दिसलं ते तुला माहीत नाही, ते सांगतो.

तू पत्राबद्दल सांगितलंस. कॅप्टनची सही, तारीख, खाली हाताने लिहिलेलं एक वाक्य. न्यायाधीशबाई लिहून घेत होत्या. मग सरकारी वकील उठला. तरुण होता, उर्मट मुळीच नव्हता. त्याने विचारलं, त्या आठवड्यात तुम्ही हजारो माणसं पाहिलीत, मग ह्या एकाचाच चेहरा आणि कागद तुम्हाला इतका नेमका कसा आठवतो.

मीरवैसने मान खाली घातली. त्याला कळलं की आता येणार. त्याने टेबलाखाली शकीबाचा हात धरला.

तू घोटभर पाणीही प्यायली नाहीस. म्हणालीस, ‘कारण आदल्या दिवशी मी त्याला परत पाठवलं होतं. २१ तारखेला. त्याची बहीण सोबत होती. पत्र तेव्हाच वाचलं होतं मी, आणि ते खरं आहे हे मला तेव्हाच कळलं होतं. नियम सांगून मी नाही म्हटलं. रात्रभर ते नाव माझ्या हातावर होतं. सकाळी मी त्याला शोधायला गेले तेव्हा बहीण तिथे नव्हती. त्याने तुम्हाला २१ तारीख सांगितली नाही, ती मला वाचवण्यासाठी. ती तारीख माझी आहे.’

इंग्रजीत बोललीस, पण माझ्या कानांत ते मराठीत पडलं.

सरकारी वकील म्हणाला, आणखी प्रश्न नाहीत. दीक्षा, मी ह्या देशात छत्तीस वर्षं राहिलो. लष्कराची संचलनं पाहिली, झेंडे पाहिले, मोठमोठी भाषणं ऐकली. मला हा देश मोठा वाटला तो त्या खिडकी नसलेल्या खोलीत. सरकारची माणूस सरकारच्या वकिलासमोर शपथेवर म्हणते की चूक माझी, कोणी तिला थांबवत नाही, आणि न्यायाधीश ते जसंच्या तसं लिहून घेतात. बाबासाहेब ह्याच देशात शिकून गेले आणि आपल्याला कागदावरच्या शब्दाची किंमत शिकवली. तो शब्द पाळायला माणूस लागतो, हे त्या दिवशी पाहिलं, आणि ते माणूस माझ्या घरचं होतं.

न्यायाधीशबाईंनी निकाल तिथेच वाचला. आश्रय मंजूर. सरकार अपील करणार नाही असं वकिलाने सांगितलं. शकीबाला अर्थ लागायला वेळ लागला, मीरवैसला तिला दोनदा सांगावं लागलं. यलदाला बाहेर प्रतिमाकाकूंजवळ बसवलं होतं. तिने आपल्या आईबापांना रडताना पाहिलं आणि घाबरून विचारलं, ‘डिड वी लूज?’

कॉरिडॉरमध्ये तू मीरवैससमोर उभी राहिलीस. तुम्ही दरी भाषेत बोललात. मला शब्द कळले नाहीत. नंतर मी त्याला विचारलं. तो म्हणाला, तिने फ्रिश्ताची माफी माझ्याकडे मागितली, मी म्हणालो ती माझ्या हातात नाही, आणि मी तिला म्हणालो, ‘तू परत बाहेर आलीस. मोठमोठी सरकारं आली आणि गेली. परत बाहेर येऊन माझं नाव घेणारी तू एकटी.’

मग आपली गाडी. तू पंपाशी थांबवायला सांगितलंस. मी तुझ्या तोंडावर म्हणालो, जे पत्रात खोडलं होतं ते. तू उतरलीस, रस्त्याच्या कडेने बरंच चाललीस. परत येऊन दार लावलंस आणि म्हणालीस, ‘बाबा, मला तुमचा राग यायला अजून वेळ लागेल. चार वर्षं मी माझ्यावरच रागावले होते. ते आधी उतरू दे.’

उतरू दे. मी घाई करणार नाही.

घरी आईच्या फोटोसमोर तू एकटी अर्धा तास बसलीस. मी स्वयंपाकघरात भांडी आवरत राहिलो. आवरायला तशी काही नव्हती. सकाळी निघताना म्हणालीस, इस्लामाबादला जातेय, फ्रिश्ताला भेटायला. खात्याने नाही पाठवलं, कोणाची परवानगी नको. तिथे जाऊन काय करणार विचारलं, तर म्हणालीस, माहीत नाही, पण तिला नाही म्हणणारी मी होते, तेव्हा तिच्यासमोर जाणारीही मीच हवी.

सांभाळून जा.

बाबा

नोव्हाय
२६ ऑक्टोबर २०२५

दीक्षा,

हे पत्र टपालाने नाही, लिहून त्याचा फोटो काढून फोनवर पाठवतोय. तुझ्या खोलीवर टपाल पोचेल याचा भरवसा नाही.

गेल्या रविवारी विहारात धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा कार्यक्रम झाला. विहाराच्या अध्यक्षाने, कुमारने, मला दोन शब्द बोलायला सांगितलं, दर वर्षी सांगतो. मी उठलो आणि म्हणालो की चार वर्षांपूर्वी ह्याच लोकांसमोर मी माझ्या मुलीला एक वाक्य बोललो होतो, ते आज ह्याच लोकांसमोर परत घेतो. मग तुझ्या आईने, जाईने, काय सांगितलं होतं आणि मी काय पोचवलं, ते सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. मीरवैस आणि शकीबा पाहुणे म्हणून पहिल्या रांगेत होते. त्यांना शब्द कळत नव्हते, रुही हळू आवाजात सांगत होती.

खाली बसलो तेव्हा वाटलं की आता कोणी माझ्याजवळ येणार नाही. प्रतिमाकाकू आल्या. म्हणाल्या, भाऊजी, फार उशीर केलात. मी म्हणालो, हो. त्यांनी विचारलं, दीक्षाने माफ केलं का. मी म्हणालो, ते तिचं तिला ठरवू द्या, मी विचारत नाही. त्यांनी माझ्या ताटात पुरणपोळी वाढली आणि शेजारी बसल्या.

रुहीने फ्रिश्तासाठी नवा अर्ज तयार केलाय. ती म्हणते, आज दार बंद आहे, पण दार उघडेल तेव्हा तिचा कागद सगळ्यांत वर असला पाहिजे. आता तुझ्या साक्षीची प्रत त्याला जोडली आहे. आपल्या सिनेटरच्या ऑफिसला मी दर सोमवारी फोन करतो. तिथली मुलगी मला आवाजावरून ओळखते. फ्रिश्ताच्या नावाचा उच्चार आता तिला नीट जमतो.

काल तुझा मेसेज आला. मी तो मीरवैसला वाचून दाखवला, त्याच्या घरी, चहाच्या वेळी. फ्रिश्ताने दार उघडलं, तुला ओळखलं, आणि आत घेतलं. चहा ठेवला. तासभर एक शब्द बोलली नाही. तूही बोलली नाहीस, कारण तू जे बोलायला गेली होतीस ते पहिल्या मिनिटात बोलून झालं होतं. मग तिने एवढंच विचारलं की यलदा आता केवढी झाली, आणि तुला सांगता आलं नाही.

मीरवैस वाचून झाल्यावर उठून दुसऱ्या खोलीत गेला. शकीबाने यलदाला हाक मारली. तिला दाराच्या चौकटीला टेकून उभं केलं, टाचा नीट लावायला सांगितल्या. ती टाचा उचलून थोडी चोरी करत होती. मी डोक्यावर पुस्तक आडवं धरलं, पेन्सिलने खूण केली आणि टेप लावली. आयुष्यभर मोजमापंच केली आहेत, माझं चुकायचं नाही.

तीन फूट दहा इंच आणि वर पाव इंच. समोरचे दोन दात पडलेत. शाळेत धावण्यात पहिली येते. हे सगळं फ्रिश्ताला सांग.

बाबा